चिमट्यात धरलेले शब्द

निमसे बाई जिन्याच्या पाच पायऱ्या उतरल्या की परत वर जायच्या. गॅस बंद केलाय का ते बघायला. मग पुन्हा उतरायच्या आणि दुकानासमोर येऊन माझ्याकडे असं बघायच्या, की मी म्हणायचंच, "बंद आहे बाई, मी बघून आले." त्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. मी बघून-बिघून काही आलेली नसायची. पण म्हातारं माणूस समोर उभं राहून पदरानं घाम पुसतंय म्हटल्यावर खोटं बोलायला माझं काय जातंय?

केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत, माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. वरची एक खोली आणि स्वयंपाकघर मी भाड्यानं देते. बाई तिथं साडेतीन वर्षं राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, सोनईकडच्या. त्यांचे मालक तिकडेच, शेतातल्या घरी. बाई इकडे एकट्या. का, तर शेतात इंटरनेट नव्हतं आणि इंटरनेटशिवाय चीन दिसत नव्हता.

हो, चीनच. आता शेतापर्यंत केबल गेली म्हणून बाई परत गेल्या. गेल्या तेव्हा मी भावाच्या मुलीच्या लग्नाला गेलेली, धड निरोपसुद्धा झाला नाही. त्यामुळे बाई म्हटलं की मला त्यांचा एक मंगळवार आठवतो. तो शेवटी सांगते. आधी सांगून उपयोग नाही, बाई कोण होत्या ते कळल्याशिवाय त्यात काही अर्थ नाही.

कुठलीशी कंपनी होती. चीनमधल्या मोठ्या माणसांना ती मोबाईलवर इंग्रजी बोलायला शिकवायची. नर्स, इंजिनिअर, हॉटेलात काम करणारे, असे लोक. बाईंकडे त्यातलं एकच काम होतं: इंग्रजीत कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द बसतो, ते शिकवायचं. पहिल्यांदा त्या लॅमिनेशनला कार्डं घेऊन आल्या तेव्हा मी वाचलं. लाल शाईत 'हेवी', निळ्या शाईत 'रेन'.

"जड पाऊस?" मी विचारलं. "जड कसा असेल पाऊस बाई? चुकलंय का काही?"

"न्हाई मंगल, तसंच हाय त्यांच्यात," बाई एकदम खुलल्या. "आपन काय म्हनतो? मोठा पाऊस. चिनी लोकबी मोठाच म्हनत्यात. मंग इंग्रजीत जाऊन 'बिग रेन' म्हनत्यात आन् फसत्यात. आपन गोळी खातो का न्हाई? तेबी औषध खात्यात. इंग्रज खात न्हाई, इंग्रज घेतो. आगं, त्यांची चूक आन् आपली चूक सख्ख्या भैनी हायेत! म्हनून तर मला घेतलं कंपनीनं."

कंपनीनं खरं तर स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलं असणार. पण हे बोलायला मी काही वेडी नाही.

बाईंचं इंग्रजी ऐकलंत तर वाटावं, रेडिओवरच्या बातम्या चालू आहेत. आणि मराठी असं, की भाजीवाल्या मावशींनी त्यांना स्वतःची भावजय समजावं. दोन्हीत त्यांना काही वावगं वाटत नसे. शिकवायची पद्धतही त्यांची स्वतःचीच. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी बांधलेली. विद्यार्थ्यानं जोडी बरोबर लावली की लाल आणि निळं कार्ड एकत्र धरून कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा आणि दोरीवर टांगायचं. चुकीची जोडी असेल तर बाई चिमटा हातात धरून नुसत्या मान हलवायच्या. तिकडे पन्नाशीचे इंजिनिअर त्या चिमट्याकडे जीव मुठीत धरून बघत बसायचे, मी स्वतः पाहिलंय. एकदा पावसाळ्यात कपडे वाळेनात म्हणून त्याच दोरीवर बाईंचा परकर राहून गेला आणि तास सुरू झाला. एका सभ्य गृहस्थानं अर्ध्या तासानं विचारलं, की तो तिसरा शब्द कुठला? बाईंनी त्या धसक्यानं दोन दिवस जेवण सोडलं. "कंपनी रेकॉर्ड करती गं सगळं," एवढंच म्हणत होत्या.

असा घोर त्यांना कशाचाही लागायचा. तास साडेचारला, की बाई तीनपासून कॅमेऱ्यासमोर. दोन मोबाईल चार्ज, एक इन्व्हर्टर, टेबलाखाली मेणबत्ती. मेणबत्तीच्या उजेडात चीन कसा दिसणार होता, ते त्यांनाच ठाऊक. एकदा दुपारभर लाईट नव्हती आणि त्यांचा इन्व्हर्टर ऐन तासात बसला. बाई लॅपटॉप छातीशी धरून, अनवाणी, जिना उतरून माझ्या दुकानात. माझ्याकडे कॉम्प्युटर आणि वायफायपुरती बॅटरी असते. काउंटरवर जागा करून दिली. पडद्यावर एक तिशीतली बाई, केस घट्ट मागे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिचं नाव मेई. नर्स होती. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात सातबाऱ्याची झेरॉक्स घ्यायला एक शेतकरी आला. त्यानं वाकून पडद्यात पाहिलं. "ही कुटली वो?"

"चीनची," मी म्हटलं.

"मंग इचारा की, कांद्याला काय भाव हाय तिकडं?"

मी कपाळाला हात लावला. पण बाईंनी खरंच विचारलं. मेईनं विचार केला आणि भाव महाग आहे अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाली. झालं! बाईंनी मान हलवली. वस्तू महाग असते, भाव महाग नसतो; इंग्रजीत भाव उंच असतो. परत म्हण. मेई थांबली. शब्द ओठांवर दिसत होता, पण बाहेर येईना. दहा सेकंद, वीस सेकंद. शेतकरी श्वास धरून उभा. मग ती म्हणाली, "हाय प्राइस." शेतकऱ्यानं टाळी वाजवली. कांद्याचा आकडा त्याला शेवटपर्यंत कळला नाही, पण खुशीत गेला बिचारा.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "पाह्यलंस? हेच दुखनं हाय तिचं. येतं सगळं. पन बोलताना मधीच थांबती. कोनता शब्द कोनासंगं, याचा इचार करीत बसती आन् टाईम संपतो."

मेईचं सगळं मग मला हळूहळू कळलं. तिचा नवरा दोन वर्षांपासून परदेशात, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. तिथल्याच एका दवाखान्यानं मेईला नोकरी कबूल केली होती. अडलं होतं ते फक्त इंग्रजी बोलायच्या परीक्षेपाशी. दोनदा नापास. दवाखान्यानं कळवलं होतं की या खेपेपर्यंत जागा ठेवतो, पुढे नाही. म्हणून तिनं सात महिने बाईंकडे आठवड्याला दोन तास लावले होते, मंगळवार आणि गुरुवार. आणि बाईंनी तिच्यासाठी चारशेच्या वर कार्डं केली होती. सगळी मीच लॅमिनेट केली. बाईंचं म्हणणं, की पाठ असलं की थांबावं लागत नाही. कार्डावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा. "काडावर लिवलंय म्हंजे बरोबर हाय. इचार करायचा न्हाई," हे त्या तिला दर तासाला इंग्रजीत सांगायच्या. इतक्यांदा, की खाली मला पाठ झालं.

परीक्षा शनिवारी होती. त्या आठवड्यात बाईंचं गॅस बघायला जाणं पाच वेळांवर गेलं.

मंगळवारी एक नर्सिंगची मुलगी माझ्याकडे एक जाड पुस्तक घेऊन आली. परदेशी छापलेलं, त्याच परीक्षेच्या सरावाचं. सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स हवी होती. मी पानं उलटत होते, मशीन चालू होतं. सहज नजर जात होती. आणि माझ्या लक्षात आलं, की पुस्तकात परीक्षा कोणी 'गिव्ह' करत नव्हतं. जो तो 'टेक' करत होता. प्रत्येक पानावर. बाईंचं कार्ड मला चांगलं आठवत होतं. लाल 'गिव्ह', निळं 'एक्झाम'. आपण परीक्षा देतोच की! मास्तर घेतात, आपण देतो. मला तर शंकाही आली नसती.

रात्री जेवणावर माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी आठवतील तेवढी कार्डं शोधायला बसले. माझं इंग्रजी बारावीचं, त्यामुळे धीरही होत नव्हता. पण जे सापडलं ते सापडलं. 'टेक टेन्शन', हे फक्त आपल्याकडे. 'आस्क' आणि 'डाउट', तेही आपल्याकडचंच. 'कट' आणि 'कॉल', तेही. अशी सात निघाली. सांगायचं कसं? आणि सांगायचं का? बुधवार असाच गेला. बाई दोनदा खाली आल्या, मी दोन्ही वेळा मान खाली घालून पानं मोजल्याचं नाटक केलं.

गुरुवारी दुपारी मात्र मला राहवेना. बाईंना दुकानात बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

आधी त्या चिडल्या. "पस्तीस वर्सं शिकवलंय मी, मंगल! तू मला शिकवती व्हय गं? इंजेक्शन देत्यात तवा गिव्हच म्हनत्यात ना? मंग परीक्षाबी गिव्हच." मी पडद्याकडे बोट केलं. त्या वाचत गेल्या. एक, दोन, तीन ठिकाणी. मग प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. पाणी तसंच हातात धरून म्हणाल्या, "तिनं बरोबर लिवलं हुतं."

"कोणी?"

"मेईनं. पयल्या म्हैन्यात. वहीत तिनं 'टेक' लिवलं हुतं. मी लाल शाईनं खोडलं. खोडून 'गिव्ह' केलं. बरोबर हुतं गं तिचं! आन् मी तिला म्हनलं, काडावर भरवसा ठेव."

मला रडू यायला लागलं. म्हटलं, "बाई, आता शनिवारपर्यंत गप्प बसा. हात जोडते. सात शब्दांनी काय होतंय? परीक्षेत ते येतीलच असं थोडंच आहे? तुम्हीच म्हणता ना, ती विचार करत बसते म्हणून नापास होते. आज तुम्ही तिला सांगितलंत, की तिला चारशेच्या चारशे कार्डांचा संशय येईल. मग ती बोलेल कशी?"

"आन् न्हाई सांगितलं तर?" बाई म्हणाल्या. "तिकडं परीक्षकाम्होरं बसून ती माझी चूक बोलंल. भरवशानं बोलंल."

"त्यांना कळेल हो तिला काय म्हणायचंय ते."

"कळंल. पन गुन कापत्याल."

बाई उठल्या. जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "कंपनी ऐकंल. काढून टाकत्याल मला." परत जिन्यापर्यंत गेल्या. परत आल्या. "तुला काय वाटतं, सांगू का नको?" मी नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली. चार वाजता पुन्हा खाली आल्या आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नकोच म्हटलं, आणि जरा ओरडूनच म्हटलं. साडेचारला मी दुकान तसंच टाकून वर गेले आणि दारात उभी राहिले. मला वाटलं होतं, मी समोर असले की त्या बोलणार नाहीत.

बाईंनी दोरीवरून सात जोड्या उतरवल्या. एकेकीचा चिमटा काढला. मग इंग्रजीत सरळ सांगितलं, की या मी तुला चुकीच्या शिकवल्या. ही तर तुझी बरोबर होती.

मेईचं पेन थांबलं. मग तिनं विचारलं, "सगळी कार्डं?"

"नाही. सात."

"बाकीची बरोबर आहेत, हे तुम्हाला कसं माहीत?"

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. बाईंनी दोरीकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, की मला वाटतं, बरोबर आहेत. वाटतं! दोन दिवसांवर परीक्षा आलेल्या माणसाला हे ऐकवायचं! मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शनिवारी परीक्षा तिकडच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या साडेसहाला. बाई सहापासून जिन्याच्या खालच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलेल्या. दहाला मी चहा दिला, तो गार झाला. मेसेज आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मंगळवारचा तास तिनं लावला नाही, गुरुवारचाही नाही. कंपनीचा फोन येईल म्हणून बाई वर धास्तावूनही बसल्या होत्या, पण कंपनीला काही पडलेली नव्हती. तिथं कोणी ऐकतच नव्हतं बहुतेक.

पुढच्या सोमवारी मेईचा मेसेज आला. दोनच वाक्यं. अर्धा गुण कमी पडला. दवाखान्यानं जागा दुसऱ्या बाईला दिली.

बाईंनी दोरी सोडली. कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरली. मी समोर बसले होते, पण बोलायला तोंड कुठं होतं? तोंड उघडलं होतं तेव्हाच तर हे झालं. मी ते पुस्तक वाचलंच नसतं तर? किंवा दोन महिने आधी वाचलं असतं तर? बाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "मंगल, मी सांगितलं म्हनून गेलं, का आधीच चुकीचं शिकवलं म्हनून गेलं?"

"बाई, मला नाही माहीत."

"मलाबी न्हाई. आन् आता ते कोनाला कळायचंबी न्हाई. आर्धा गुन! नवरा तिकडं, ही हिकडं, आर्ध्या गुनावर." मग त्या रडल्या. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच. मोठ्यानं, लहान मुलासारख्या, पदर तोंडात कोंबून. मीही रडले.

त्याच रात्री त्यांनी मालकांना फोन केला, की मी हे बंद करते आणि परत येते.

आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, त्यांच्या मोबाईलवर तास लागलेला दिसला. साडेचार. मेई.

बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "शिव्या द्यायला येत आसंल," त्या म्हणाल्या. "देऊ दे. देऊ दे तिला. पन तू बस माझ्यापाशी, मंगल. कॅमेऱ्यात नको येऊ, नुस्ती बस." मी पलंगावर कडेला बसले. त्यांचा हात मी धरूनच ठेवला.

मेई आली. केस मोकळे होते. ओव्हरटाइम करून आल्यासारखी दिसत होती. तिनं आधी बाईंना बरं आहे का विचारलं. मग म्हणाली, "दुसऱ्या प्रश्नाला मी थांबले. शब्द माझ्या तोंडात होता. पण मनात आलं, हे कार्ड बरोबर असेल का? तेवढ्यात वेळ गेला."

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या.

"हो," मेई म्हणाली.

मी बाईंचा हात दाबला. वाटलं, आता ही बाई खाली कोसळते. पण त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, की मला माफ कर. पुढे काही सांगायला गेल्या, की तुला चांगला शिक्षक मिळेल, कंपनीकडे पुष्कळ आहेत. मेईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी आठवडाभर तोच विचार केला," ती म्हणाली. थांबत थांबत बोलत होती, पण थांबायला घाबरत नव्हती. "नवा शिक्षक घेतला तर त्याच्याही चुका असतील. त्या मला माहीत नसतील, आणि तो मला सांगणार नाही. तुमच्या सात सापडल्या आहेत. दोन महिन्यांनी परत परीक्षा आहे. तोपर्यंत मी दुसरा दवाखाना शोधते. कार्डं कुठं आहेत?"

बाईंना कळेचना. मीच उठून डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. झाकण त्यांना निघेना, ते मी काढलं.

"सगळी बघायची," मेई म्हणाली. "पहिल्यापासून. तुमच्याकडे शब्दकोश आहे ना? माझ्याकडेही आहे."

पहिलं कार्ड बरोबर निघालं. दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी दोघी आपापल्या ठिकाणी पानं उलटायच्या आणि मगच पुढे जायच्या. पाचवं चुकलं. मेईनं वहीत खूण केली, बाईंनी जोडी बाजूला ठेवली. नवव्या वेळी बाईंनी लाल 'टेक' आणि निळं 'डिसिजन' वर धरलं. मेईनं कपाळाला आठी घातली. म्हणाली, की मी तर 'मेक' ऐकलंय. हे बरोबर आहे का?

बाईंनी कार्डाकडे पाहिलं. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून, पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते मी सांगू शकते. उत्तर आलं नाही असं कधी झालं नसणार. त्या दिवशी त्यांनी ते कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आय डोन्ट नो."

"मलाही माहीत नाही," मेई म्हणाली. "बघू या."

दोघींनी शब्दकोश उघडले. इकडे बाईंचं बोट पानावरून खाली सरकत होतं, तिकडे मेईचं. खालून कोणीतरी आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी हाका मारत होतं. मी जिन्यात जाऊन ओरडले, "थांबा जरा!" आणि परत येऊन बाईंच्या शेजारी बसले. मलाही ते कळायला हवं होतं.